स्क्रेपला मराठीत काय म्हणायचं

तुझा प्रश्न आला तेव्हा मी लातूरला डोळ्यांच्या दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत उभी होते. तू सायकलवरून पडलीस, सोललेल्या गुडघ्याचा फोटो पाठवलास आणि खाली विचारलंस, 'आजी, स्क्रेपला मराठीत काय म्हणायचं?' जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बाईला हा प्रश्न उभ्या उभ्या सुटायला हवा. 'खरचटणे' असं लिहून पाठवणार, तेवढ्यात आमचा नंबर पुकारला आणि मी फोन पर्समध्ये टाकला. उत्तर राहून गेलं. पुढे त्या एकाच शब्दानं आम्हाला लातूरहून निलंग्याकडे आणि तिथून नांदेडला पळवलं, त्यामुळे आता एका ओळीत उत्तर देणं मला जमत नाही. तुझ्या भावालाही वाचायला दे.

आमचा नंबर म्हणजे धाकट्या आजीचा नंबर. तुमची धाकटी आजी, माझी जाऊ, निलंग्याच्या पलीकडे आपल्या शेतातल्या घरी राहते. मागे आलात तेव्हा तिनं केलेले धपाटे तुम्ही चुलीपाशी उभे राहून खाल्ले होते. दिवाळीनंतर म्हशीपुढं उसाचं वाढं टाकताना एक पातं तिच्या डोळ्यात गेलं. ऊस तोडल्यावर शेंड्याचा जो हिरवा झुपका उरतो, ते वाढं. त्याच्या पात्याची कड करवतीसारखी असते. तिनं डोळा पाण्यानं धुतला, पदराचा बोळा करून त्यावर फुंकर मारून शेक घेतला आणि पुन्हा कामाला लागली. गावातल्या मेडिकलवाल्यानं थेंब दिले. लाली उतरली, तसं सगळ्यांना वाटलं की बरं झालं. मग बुबुळावर पांढरा ठिपका दिसायला लागला. रोज थोडा मोठा. तेव्हा कुठं भावजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, मला फोन केला.

"वहिनी, हिच्या डोळ्यात फूल पडायलंय वाटतं."

बुबुळावरच्या पांढऱ्या डागाला आपल्याकडे फूल म्हणतात. इतक्या वाईट गोष्टीला इतका गोड शब्द कुणी दिला असेल, असा विचार मी तेव्हाही केला. पण आधी त्यांना पहिल्या गाडीनं लातूरला यायला सांगितलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हुशार होत्या आणि फार भरभर बोलत होत्या. यंत्रातून डोळा बघून त्या म्हणाल्या, "आजी, जखम खोल गेलीये. आधी आपण डोळा स्क्रेप करू, मग पुढचं ठरवू." मी इंग्रजीत दोन-चार प्रश्न विचारले, त्यांनी इंग्रजीत उत्तरं दिली. जखमेत बुरशी असण्याची शक्यता आहे, ती कुठली ते बघितल्याशिवाय औषध ठरत नाही, उशीर झाला तर बुबुळाला भोक पडेल आणि डोळा जाईल. आमचं बोलणं नीट, मुद्देसूद चाललं होतं. जाऊ मध्ये बसून एका डोळ्यानं आळीपाळीनं आमच्या तोंडांकडे बघत होती.

मी पावती करायला काउंटरवर गेले. परत आले तर बाक रिकामा. प्रसाधनगृहात बघितलं, चहाच्या टपरीवर बघितलं, रस्त्यावर दोन्ही बाजूंना जाऊन आले. भावजींचा फोन लागेना. लागला तेव्हा मागे गाडीचा खडखडाट ऐकू येत होता.

"कुठं आहात तुम्ही?"

"यष्टीत बसलोत, वहिनी. औसा यायलंय."

"अहो, पण डोळ्याचं काय?"

तिकडे फोन हिसकावून घेतल्याचा आवाज आला. मग जाऊ बोलली.

"अक्का, माझा डोळा काय फटफटी हाय का हो?"

मला काहीच कळेना.

"स्क्रॅप करू म्हनली की ती बाई! तुमी मान हलवायलात! आधी स्क्रॅप करू, मग पुढचं ठरवू. स्क्रॅप केल्यावर पुढचं काय ऱ्हातंय ठरवायला?"

मग उलगडा झाला. गेल्या वर्षी भावजींची जुनी मोटारसायकल भंगारवाल्यानं नेली होती. त्याच्या टेम्पोवर भोंगा असतो आणि तो गावोगाव एकच शब्द ओरडत फिरतो, 'स्क्रॅप, स्क्रॅप'. त्यानं गाडी अंगणातच उघडी केली, नंबराची पाटी उपटली, टाकी एकीकडे, चाकं एकीकडे. जाऊनं हे सगळं ओट्यावर बसून बघितलेलं. स्क्रॅप म्हणजे काय हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"अगं, स्क्रॅप नाही, स्क्रेप! वेगळा शब्द आहे."

"काय वेगळं हाय त्याच्यात?"

"लिहिताना एका चंद्राचा फरक आहे," मी भर रस्त्यात म्हणाले. शिकवायची सवय जात नाही.

"मंग चंद्र बगायला डोळा ऱ्हाऊ द्या माझा," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

घरी येऊन मी फडताळातले सगळे डबे खाली काढले, पुसले आणि परत लावले. मग मिरचीचा डबा हळदीच्या डब्याआधी हवा असं वाटून पुन्हा काढले. तुम्ही मला हसता ना, आजी रागावली की आवरायला घेते म्हणून? त्या दिवशी राग नव्हता. बुबुळाला भोक पडेल हे वाक्य मी इंग्रजीत ऐकलं होतं आणि ते ऐकणारी मी एकटीच होते. तो ठिपका तिकडे वाढत असणार आणि मी इथे डबे लावते आहे. दर अर्ध्या तासानं फोन करत होते. भावजी दर वेळी म्हणत, "हाव वहिनी, सांगतो तिला," आणि काही सांगत नसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी ठरवून मी गावाला गेले. जाऊ खोलीत अंधार करून, डोळ्यावर ओला रुमाल ठेवून पडली होती. आजूबाजूच्या बाया जमल्या होत्या आणि प्रत्येकीकडे उपाय होता. कुणी एरंडेल घाला म्हणत होती. एकीच्या माहेरी म्हातारी होती, ती म्हणे जिभेच्या शेंड्यानं डोळ्यातलं कुसळ काढते. भावजी त्या म्हातारीचा पत्ता विचारत होते. मी सगळ्यांना नमस्कार करून बाहेर घालवलं आणि तिच्या खाटेपाशी बसले.

"हे बघ, डोळा कुणी काढणार नाही. नुसता वरून खरवडून घ्यायचा आहे."

"खरवडून?" ती रुमालाआडून म्हणाली. "दुधाचं पातेलं खरवडते की मी रोज. पितळेचं हाय म्हनून टिकतंय. डोळा काय पितळेचा हाय का?"

"तसं नाही गं. खरडून म्हण हवं तर."

हा शब्द तर आणखी वाईट निघाला. ओढ्याकाठची त्यांची जमिनीची पट्टी पावसाळ्यात खरडून गेली होती. वरची माती सगळी वाहून गेली, खाली नुसता मुरूम. तिनं हात लांब करून त्या दिशेला दाखवला. मी 'तासणे' म्हणणार होते, तोंड मिटलं. 'किसणे' तर मनातच गिळलं. वर्गात मुलांना मी एका शब्दाला पाच शब्द द्यायला लावायची. इथे चार शब्द होते आणि चारही तिच्या घरातल्या नाहीतर शेतातल्या कशाकडे तरी बोट दाखवत होते. मी उठले, खिडकी थोडी उघडली, तिनं डोळे मिटून घेतले, मी पुन्हा लावली. पुन्हा बसले.

खाटेवरच्या भिंतीतल्या दिवळीत काजळाची पितळी डबी होती. तुमच्या बाबांसकट घरातल्या सगळ्या बाळांना त्या डबीतलं काजळ लागलंय, मला ते कधी आवडलं नाही तरी. मी डबी खाली घेतली.

"हे कसं करतेस?"

"माहीत न्हाई का तुमाला? दिव्यावर वाटी पालथी घालायची, काजळी धरली की निपटून घ्यायची."

"निपटून कशानं?"

"बोटानं. न्हाईतर चमच्याच्या दांड्यानं."

"वाटीला काही होतं का त्यानं?"

"वाटीला काय व्हनार?"

"बस, एवढंच करायचंय. जखमेवर जे धरलंय तेवढं निपटून घ्यायचं, काचेवर ठेवायचं आणि बघायचं कसली बुरशी आहे."

तिनं माझ्या हातातली डबी घेऊन चाचपली. मग कूस बदलून म्हणाली, "निपटून घेनार व्हय? मंग तसं म्हनायचं की." आणि लगेच, "पर त्या बाईकडं मी येनार न्हाई."

"का? चांगली डॉक्टर आहे."

"ती तुमच्याशी बोलती. डोळा माझा हाय."

लातूरचं नाव मग मी काढलं नाही. मी नांदेडला माझ्या भावाला फोन केला. त्याच्या घराजवळ एक म्हातारे डॉक्टर होते, त्यांनीच त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं होतं. त्याच गाडीनं आम्ही तिघं उदगीर, मुखेड करत निघालो. लांबचा रस्ता, वर ऊन. जाऊ मागच्या सीटवर डोक्यावरून शाल घेऊन बसली होती. खड्डा आला की मी मागे वळायची.

"दुखतंय का?"

"न्हाई."

थोड्या वेळानं, "आता?"

"अक्का, जरा गप बसा हो. डोळा कमी दुखायलाय, तुमचं विचारनं ज्यादा दुखायलंय."

भावजी पहिल्यांदा हसले. मी समोर बघत बसले, पण मन एका जागी राहीना. निपटणं हा शब्द कामाला आला होता, पण तो खरा होता का? घाम निपटतात, ताटातलं कालवण निपटून खातात. तिथे बोट असतं. दवाखान्यात पातं असणार. उसाचं ते पातं, सुरीचं तेही पातं आणि डोळ्याचं जे लवतं त्यालाही आपण पातंच म्हणतो. ऐन खुर्चीवर तिला पातं दिसलं आणि ती उठून निघाली तर नांदेडपुढे कुठे जायचं? सांगावं तर गाडी वळवायला लावेल. मुखेड गेलं, कंधारचा फाटा गेला आणि मी सांगितलं नाही.

म्हाताऱ्या डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. स्टूल तिच्या समोर ओढून बसले.

"बोला अम्मा. काय लागलं?"

"वाढ्याचं पातं."

"म्हशीला टाकताना?"

"हाव."

यंत्रातून त्यांनी बराच वेळ बघितलं. मग तिलाच म्हणाले, "जखमेत बुरशी झाल्यासारखी वाटते. जरा खरवडतो, काचेवर घेतो, दुर्बिणीत बघतो. मग औषध."

खरवडतो. दोनशे किलोमीटर मी जो शब्द टाळत आले होते, तो त्यांनी सरळ तिच्या पुढ्यात ठेवला. जाऊनं बऱ्या डोळ्यानं माझ्याकडे बघितलं.

"अक्का, तुमी तर निपटतेत म्हनलात."

मी काहीतरी पुटपुटले. तिनं मान परत डॉक्टरांकडे वळवली. "बोटानं का पात्यानं, तेवढं सांगा."

"पात्यानं. लहान असतं. आधी थेंब टाकतो, डोळा बधिर होतो. पातं येताना दिसेल, लागणार नाही. पण हलायचं नाही."

"न्हाई केलं तर?"

"तर डोळा जाईल, अम्मा. केलं तरी पूर्वीसारखा होईल असं मी म्हणत नाही."

खोलीत पंखा फिरत होता. भावजी दारात उभे राहून टोपीची घडी घालत होते, उलगडत होते. मला तिचा हात धरावासा वाटला, पण ती आता आमच्यापैकी कुणाकडेच बघत नव्हती.

"उसाच्या पात्यानं नेलंय," ती म्हणाली, "तुमच्या पात्यानं येतंय का बगा."

"शाबास. अजिबात हलायचं नाही मात्र."

"मी न्हाई हलत. ह्या अक्का हलतेत, ह्यांना भाईर बसवा."

आणि मला खरंच बाहेर बसवलं. बाकावर मी दोन मिनिटं बसले असेन. बाकीचा वेळ औषधांची जाहिरात वाचली, पाण्याच्या पिंपावरचा पेला सरळ केला, चपलांच्या जोड्या लावल्या. आतून आवाज येत नव्हता. चांगलं की वाईट, काही कळत नव्हतं. शेवटी दार उघडलं आणि ती स्वतःच्या पायांनी बाहेर आली, डोळ्यावर पट्टी.

"दुखलं का गं?"

"न्हाई. पर निपटल्यावानी काय न्हाई हो, अक्का. खरवडल्यावानीच हाय. पुढच्या बारीला खरं सांगत जावा, म्हंजे मानूस तयारीनं बसतंय."

बुरशीच निघाली. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तिला भारी नवल वाटलं. "डोळ्यात बुरशी? लोणच्याला येती तशी?"

"तशीच समजा."

"मंग बरनीत पानी गेलं असंल," ती म्हणाली. त्यावर डॉक्टर इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

मग माझ्या भावाच्या घरी मुक्काम. दर तासाला थेंब. हे काम माझ्या स्वभावाला धरून होतं. बाटल्यांवर कागद चिकटवले, गजर लावले. पण थेंब टाकला की पुढच्या थेंबापर्यंतचा वेळ सरता सरत नसे. वाचायला घेतलं तर ओळ पुढे सरकत नव्हती. ठिपका लहान झाला का, मोठा झाला का, हे बघायला मी मोबाइलचा दिवा घेऊन सारखी तिच्यापाशी जायची आणि ती मला हाकलायची. एका दुपारी भावाच्या कपाटात माझाच जुना जाडजूड इंग्रजी शब्दकोश सापडला. तुझा प्रश्न आठवला. निदान हे तरी पूर्ण करावं म्हणून मी स्क्रेप काढला.

तर ऐक. हा शब्द मूळचा पुष्कळ जुना, उत्तरेकडच्या थंड समुद्रातून नावा घेऊन इंग्लंडात उतरलेल्या लोकांच्या बोलीशी त्याचं नातं. त्यांच्याकडे त्याचा अर्थ खरवडणं, ओरबाडणं. इंग्रजीत आल्यावर तो सगळीकडे गेला. अंग खरचटलं तरी स्क्रेप, अडचणीत सापडलं तरी स्क्रेप, काठावर पास झालं तरी स्क्रेप. हे तुझ्या भावाला मी सांगायला नको. फार लवून नमस्कार करणारा मागे ओढलेल्या पायानं जमीन घासतो, त्यालाही तोच शब्द. आणि तुम्ही राहता तसल्या उंच इमारती आभाळ खरवडतात. आपल्या गगनचुंबी इमारती त्याच आभाळाचा मुका घेतात.

आपलंही कमी नाही. साहेबानं खडसावलं की खरडपट्टी, घाईनं लिहिलं की खरडलं, पातेल्याच्या तळाशी लागलेली ती खरवड, जिच्यासाठी तुमचे बाबा आणि काका भांडायचे. तुझ्या गुडघ्याला मात्र खरचटलं एवढंच म्हणायचं. इंग्रजीत कुणीतरी गुडघा खरचटवून घेतो. मराठीत ते आपोआप होतं, दोष कुणाचाच नसतो. मला ही सोय आवडते.

आणि त्याच पानावर, थोडं वर, स्क्रॅप. मी चष्मा सारखा केला. तोही त्याच घरचा. खरवडून जे खाली पडतं, उष्टंखरकटं, तुकडे, ते स्क्रॅप. भंगार हा अर्थ त्यातूनच पुढे आला. दोघे सख्खे भाऊ. शब्दकोश उघडा तसाच घेऊन मी जाऊकडे गेले.

"तू त्या दिवशी अगदीच चुकली नव्हतीस. दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत."

"मंग माझंच बरोबर व्हतं म्हना की."

"अर्धं."

"अर्ध्यासाठी भर रस्त्यात मला चंद्र शिकवायलात," ती म्हणाली आणि थेंबासाठी मान मागे टाकली.

डोळा आणखी एकदा खरवडावा लागला. तेव्हा मी घरून निघतानाच तिला खरवडणं म्हणून सांगितलं आणि ती नुसतं "हाव" म्हणाली. हळूहळू कडेची सूज गेली. भोक पडलं नाही. डॉक्टर म्हणाले, डोळा वाचला, नजर किती येईल ते डोळाच सांगेल. पांढरा डाग तिथेच आहे, पातळ झालेल्या सायीसारखा. वर्षभरानं पाहिजे तर बुबुळ बदलता येतं, असंही ते म्हणाले. ती म्हणाली, आधी हाय ते बगू द्या.

आता ती गावाला आहे. रोज सकाळी दारात बसून बरा डोळा तळव्यानं झाकते आणि गोठ्याकडे बघते. मी तेव्हा फोन करते. माझा चहा तोवर निवतो.

"काय दिसलं?"

"म्हैस."

"म्हैस आहे हे तुला माहीतच आहे. दिसली का?"

"काळं दिसलं. मोठं काळं. शेपूट न्हाई दिसलं."

हे असं रोज चाललंय. मी रोज शेपटाची चौकशी करते आणि भावजी मागून म्हणतात, एवढी चौकशी म्हशीची कुणी आजवर केली नव्हती. काल फोन केला तेव्हा ती जरा वेळ काही बोललीच नाही. मी विचारलं, काय झालं, दुखतंय का.

"गप बसा, बगू द्या," ती म्हणाली. मी चहाचा कप आवाज न करता खाली ठेवला. मग ती हळूच म्हणाली, "काईतरी हललं, अक्का. शेपूट असंल. न्हाईतर कावळा."